इंजेक्शनातले 'पाणी'

इंदूरमधल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे: मुलांच्या वॉर्डात सिस्टर इंजेक्शनात पाणी घालून औषध पुरवतात, ते तासभर चालवून बिल फुगवतात, म्हणून पालकांनी 'पाणी न घालता, एकदम द्या' असा आग्रह धरावा. मी याच शहरात मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून हे लिहिते.

औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरते. चमचाभर साखर पेल्यात विरघळवा की तांब्यात, सगळे प्यायल्यावर पोटात तेवढीच जाते. आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५ प्रमाणे १२० मिलिग्रॅम अमिकॅसिन हे प्रतिजैविक द्यायचे आहे आणि कुपीत २ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम आहे, असे धरा. थेट काढायचे तर ०.४८ मिलिलिटर, सिरिंजवर ०.१ चा फरक पडला तरी २५ मिलिग्रॅम इकडचे तिकडे होतात, आणि हे औषध जास्त झाले तर मूत्रपिंडावर आणि कानांवर बेतते. त्यातच ८ मिलिलिटर नॉर्मल सलाईन (मिठाचे निर्जंतुक पाणी) घातले, की एकूण १० मिलिलिटर होऊन २.४ मिलिलिटर काढावे लागते आणि तेवढ्याच चुकीत फरक ५ मिलिग्रॅमचाच पडतो.

'पाणी' हा शब्दही फसवाच, कारण कशात काय मिसळायचे हे औषधागणिक ठरलेले असते. झटक्यांवरचे फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) घातले तर साका धरते, म्हणून त्याला नॉर्मल सलाईनच लागते. सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक रिंगर लॅक्टेट या क्षारांच्या सलाईनमध्ये मिसळत नाहीत, कारण त्यातल्या कॅल्शियमशी त्याचा साका होतो.

'एकदम द्या' हा सल्ला मात्र जिवावरचा आहे. व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाची ५०० मिलिग्रॅमची पावडर आधी १० मिलिलिटर स्टेराइल वॉटरमध्ये विरघळवून पुढे १०० मिलिलिटरपर्यंत पातळ करतात आणि त्यातून बाळाच्या वजनानुसार ठरणारा भाग किमान तासभर चालवतात. घाई केली तर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते, रक्तदाब कोसळू शकतो. पोटॅशियम क्लोराइड तर पातळ न करता शिरेत सोडले की हृदय थांबू शकते.

मजकुरात एक शंका रास्त आहे: एकदाच वापरायची कुपी अनेक मुलांना वाटली जाऊ नये. ते विचारा, लेबलवर औषधाचे नाव, मात्रा आणि पातळ केल्याची वेळ आहे का तेही पाहा. फक्त सलाईनच्या नळीवरच्या, थेंबांचा वेग ठरवणाऱ्या चक्रीला हात लावू नका. मायक्रोड्रिप सेटमध्ये (बारीक थेंबांच्या नळीत) ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणून तासाला ३० मिलिलिटर म्हणजे मिनिटाला ३० थेंब. बाटली लवकर संपावी म्हणून रात्री चक्री सैल करणारे आजोबा मी पाहिले आहेत, आणि तेही काळजीपोटीच.