डोक्यावर तीन छपरं

'इमारतीला छप्पर दिसत नाही. भग्नावशेष तर नव्हेत? कृपया जागेवर जाऊन खात्री करा.' गेल्या गुरुवारी रात्री अकरा वाजता माझ्या नकाशाच्या फुकटच्या कामावर हा शेरा आला, शेवटी एक हसरा चेहरा लावून. शेरेबहाद्दर युरोपात कुठेतरी. शेऱ्यापेक्षा त्या हसऱ्या चेहऱ्याचा राग जास्त आला, अजून आहे.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढायचा जगाचा नकाशा, २००४ पासून चालू आहे. आकाशातून टिपलेल्या चित्रावर माउसने इमारतींच्या कडा गिरवायच्या आणि प्रत्येकीला खूण द्यायची. मी चार वर्षं घोडबंदर रोड गिरवतोय. दमडी मिळत नाही. बायको याला 'रात्रीची रांगोळी' म्हणते. उंच टॉवर चित्रात कलंडलेले दिसतात, म्हणून आधी गच्ची गिरवायची आणि मग आकृती पायथ्याशी सरकवायची. मजले सावलीवरून ताडायचे. एवढं सगळं करून मी त्या इमारतीला 'बिल्डिंग=कन्स्ट्रक्शन' दिलं होतं.

गंमत बघा, भिंती नसलेल्या छपरासाठी यांच्याकडे खास खूण आहे. पेट्रोल पंपावरचं छत असेल तर 'बिल्डिंग=रूफ', विषय संपला. पण नुसते खांब-भिंती असतील आणि वर काही नसेल, तर माझ्यापुढे दोनच दारं: एक तर बांधकाम चालू, नाही तर भग्नावशेष. ठाणे जिल्हा या दोन दारांच्या मधल्या उंबरठ्यावर राहतो हे युरोपला कोण सांगणार? पलीकडे घणसोली, कोपरखैरण्याच्या गावठाणांत जा. घर बांधून वीस वर्षं झाली, गृहप्रवेश झाला, नातवंडं झाली, तरी गच्चीवर खांबांच्या सळया आकाशाकडे बोट दाखवत उभ्या. धाकट्याचं लग्न ठरलं की वर मजला चढणार. हे बांधकाम चालू म्हणायचं की धाकट्याचं लग्न लांबलं म्हणायचं? आणि ही चित्रं सगळी बिनढगांची, कोरड्या दिवसांतली. जूनपासून आमचं निम्मं गाव निळ्या ताडपत्रीखाली असतं, ते यांना कधी दिसतच नाही.

असो. रविवारी सकाळी निघालो. मेट्रोच्या खांबांमधून, धुळीतून, कासारवडवलीच्या पुढे गेलो. एका गल्लीच्या टोकाला ती इमारत. सात मजले, खिडक्यांच्या जागी भोकं, शेवटच्या स्लॅबवर चांगला दणकट पिंपळ. फाटकाशी सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर फळी टाकून एक काका बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, शेजारी थर्मास. लग्नाला आल्यासारखे.

"काका, काम चालू आहे का इथे?"

"चालू आहे की."

मी पिंपळाकडे बघितलं. "कधीपासून?"

"२०१३ पासून."

"तसं नाही. म्हणजे आत्ता कुणी काम करतंय का?"

"मी करतोय ना. दर रविवारी येऊन बसतो. महिन्याला हप्ता भरतो, राहत्या जागेचं भाडं भरतो. याला काम म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?"

काका बँकेतून रिटायर झालेले. बिल्डरने ऑफिस बदललं, फोन बदलला, कंपनीचं नावही बदललं. 'फक्त आमची बिल्डिंग बदलली नाही,' हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. २०१७ साली महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण, आलं तेव्हा त्यांनी इथल्या वॉचमनला पेढे दिले होते. पुढे वॉचमन गावी निघून गेला. पेढ्यांचा खोका काकांकडे आहे, त्यात पावत्या ठेवतात.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी फोन काढून त्यांना तो शेरा वाचून दाखवला.

"भग्नावशेष?" काकांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "कोण म्हणतो?"

"युरोपातला एक माणूस."

"त्याला सांगा, भग्न व्हायला आधी अभंग असावं लागतं. रायगडावरचे वाडे भग्न. वसईचा किल्ला भग्न. तिथे माणसं राहिली, जेवली, भांडली, मग पडझड झाली. इथे अजून वास्तुशांत व्हायचीये. जन्माला न आलेल्याचं तेरावं घालता काय तुम्ही?"

"मी नाही घालत काका. पण छप्पर नाही म्हणतो तो."

"छप्पर नाही?" काका उठले. त्यांनी छत्रीचं टोक वर रोखलं. "तो चौथा मजला. चारशे दोन माझा. त्याच्यावर पाचव्याचा स्लॅब. त्यावर सहाव्याचा. त्यावर सातव्याचा. मोजा. माझ्या डोक्यावर तीन छपरं आहेत. तुम्ही कुठे राहता?"

"नौपाड्यात. तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यात वर."

"म्हणजे डोक्यावर एकच."

"एकच."

"गळतं?"

मी गप्प.

"गळतं," काका म्हणाले आणि समाधानाने खाली बसले.

गळतं, खरंच गळतं. दोनदा वॉटरप्रूफिंग झालं, दोन्ही वेळा वर्गणी काढली, दोन्ही वेळा पाणी माझ्याच पलंगावर आलं. पत्र्याची शेड टाकायचा ठराव सोसायटीत तीन सभा अडलाय, कारण पहिल्या मजल्यावरच्यांना गच्चीतून चांदणं बघायचं असतं. पण माझी इमारत नकाशात बघा, 'अपार्टमेंट्स', सुबक, पूर्ण, कुणाचा शेरा नाही. आणि ज्याने निवृत्तीचा पैसा ओतला त्याच्या घराला दोन शब्दांची खूण द्यायची तर परदेशातून परवानगी. बारा-तेरा वर्षं हप्ता आणि भाडं दोन्ही भरणाऱ्या माणसापुढे 'कडा नीट गिरवल्यात का' हा प्रश्न किती फालतू आहे, ते उन्हात उभं राहिल्यावर कळलं. त्याचाही राग मी त्या हसऱ्या चेहऱ्यावरच काढला.

निघताना काका म्हणाले, "नकाशात इथलं काय काय दाखवता येतं?"

"पुष्कळ. झाड, नळ, दिवा, बाक..."

"मग हे दाखवा." त्यांनी फळीवर थाप मारली. "या प्लॉटवर पूर्ण झालेलं एवढंच आहे. मी स्वतः केलंय."

घरी येऊन मी इमारतीची खूण होती तशीच ठेवली. 'जागेवर जाऊन खात्री केली, काम चालू आहे' असं लिहिलं आणि फाटकाशी एक बाक टाकला.

पंधरा मिनिटांत शेरा. इमारतीबद्दल चकार शब्द नाही. 'बाकाबद्दल आभार! बाकाला पाठ आहे का?' आणि पुन्हा तो हसरा चेहरा.

बाकाला नाही, असं मी कळवलं. काकांना आहे, आणि ती दुखते.