क्लिपशॉर्न आणि ए-7 एका पारड्यात नकोत
लेखात क्लिपशॉर्न आणि अल्टेक ए-7 या दोन्ही स्पीकरना ‘जुने हॉर्न स्पीकर’ (कर्ण्यातून आवाज फेकणारे) म्हणून सरसकट एकत्र तोललंय, ते पटलं नाही. 1946 च्या क्लिपशॉर्नमध्ये बासचा, म्हणजे खालच्या सुरांचा, हॉर्न पेटीत घडी घालून बसवलेला असतो आणि खोलीचा कोपराच त्याचं पुढचं तोंड होतो. भिंतीशी फट राहिली की खालचे सूर लगेच पातळ! ए-7 मध्ये 15 इंची वूफरपुढे (खालच्या सुरांच्या स्पीकरपुढे) आखूड हॉर्न, खाली बास रिफ्लेक्स, म्हणजे बासला जोर देणारं पेटीचं भोक. ड्रमचा ठोका थेट छातीवर येतो, पण अगदी खोल खर्ज नाही. त्याच्या वरच्या सुरांसाठीच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या हॉर्नवर टिचकी मारून बघा, घंटेसारखा घुमतो. बाहेरून डॅम्पिंगचा (कंप शोषणारा) थर दिला की वरच्या सुरांतला कर्कशपणा निवळतो. गाण्यातल्या आवाजासाठी मी तरी ए-7 च घेईन.