'मुले पळवणारी टोळी' : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सांगली-मिरजेतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दर काही महिन्यांनी तोच संदेश फिरून येतो. जिल्ह्यात मुले पळवणारी टोळी उतरली आहे, तिच्यातील माणसे साधू-फकिरांच्या वेशात हिंडतात, मुलांच्या किडन्या विकतात, पोलीस चोवीस तास तक्रार घेत नाहीत, म्हणून संशयित दिसताच तेथेच चोप द्या, असा त्याचा सारांश. त्यात तारीख नसते, पोलीस ठाण्याचे नाव नसते. जिल्ह्याचे नाव तेवढे बदलते. पुढे पाठवणाऱ्याची काळजी खरी असते, हे मी मान्य करतो. मजकूर मात्र खरा नाही.

आधी वेशाचे पाहू. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यातील लवंगा येथे, विजापूरहून पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंनी एका मुलाला वाट विचारली, आणि तेवढ्या संशयावरून त्यांना बेदम मारहाण झाली. चौकशीत ते खरोखरीचे साधू निघाले. ते निदान जिवानिशी सुटले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाच्या हातून ठार झाले. चोप देण्याच्या सल्ल्याला वेगळे उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही.

किडनीचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. रक्तगट व ऊतींची जुळणी, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि तज्ज्ञांचा चमू यांवाचून प्रत्यारोपण होत नाही. ते गाडीच्या मागच्या सीटवर उरकण्याचे काम नव्हे.

चोवीस तासांचे विधान मात्र सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवणारा बाप मोलाचे पहिले तास गल्लीबोळ धुंडाळण्यात घालवतो. असा कोणताही नियम नाही. उलट, हरवलेल्या मुलाच्या बाबतीत अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला आहे. ११२ वर किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर लगेच फोन करता येतो, आणि मूल जतमध्ये हरवले असले तरी मिरजेच्या ठाण्याला हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही; तेथे शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवून तो नंतर संबंधित ठाण्याकडे पाठवता येतो.

संदेशाला कधी कधी अपहरणाच्या वाढत्या आकड्यांची जोड दिलेली असते. त्या आकड्यांत, वरील आदेशामुळे, घरात रागावले म्हणून निघून गेलेला मुलगाही येतो आणि प्रियकराबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगीही, कारण अठरा वर्षांखालील व्यक्तीला पालकांच्या संमतीवाचून नेणे कायद्याने अपहरणच ठरते. या नोंदी खोट्या नाहीत. पण प्रत्येक नोंदीमागे टोळी असते, हा अर्थ त्यातून निघत नाही.

वेशावर नजर रोखून बसलेल्या मुलाला, ओळखीचा माणूस स्कूटर थांबवून "आईने पाठवलंय, बस" म्हणाला, तर काय करावे हे कोणी शिकवतच नाही. आमच्या घरी त्यासाठी एक परवलीचा शब्द ठरला आहे, 'भडंग'. तो न सांगणाऱ्याबरोबर जायचे नाही, कोणी ओढू लागल्यास "हे माझे कोणी नाहीत" असे ओरडायचे, आणि एसटी स्टँडवर असल्यास वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीकडे धावायचे. परवा पाऊस होता म्हणून शेजारचे काका माझ्या नातीला शाळेतून आणायला गेले, तेव्हा तिने फाटकातच शब्द विचारला. त्यांना तो ठाऊक नव्हता, चूक आमची होती. मला फोन येईपर्यंत ते दहा मिनिटे भिजत उभे होते आणि ती शिपाईमावशींच्या मागे.