धर्म आणि राष्ट्रावर भाषण ठोकायचंय? आधी ही पानं दुमडून ठेवा

सोसायटीच्या गणपतीत यंदा "राष्ट्र घडवण्यात धर्माचा वाटा" या विषयावर १५ मिनिटं बोलायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय ना? टेन्शन घेऊ नका. मी गेली ६ वर्षं हेच करतोय. पहिल्या वर्षी एक घोडचूक केली, पुस्तकं वाचून गेलो. निम्मी माणसं मोबाईलमधे घुसली, उरलेली चहा आलाय का बघायला उठली, आणि आमच्या मजल्यावरचे एक काका पुढचे चार महिने लिफ्टमधे माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा कळलं की वाचन करावं, नाही असं नाही, पण कुठलं पान दुमडायचं, म्हणजे झाकून टाळायचं, एवढं कळण्यापुरतंच करावं.

सुरुवात महाराजांपासून करा, दुसरीकडून करायची सोयच नाही. ६ जून १६७४, रायगड, काशीहून आलेले गागाभट्ट, इथपर्यंत आवाज चढवत न्या आणि थांबा. एवढ्या मोठ्या मुलुखात शास्त्री असताना काशीहून माणूस का आणावा लागला, असं पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराने विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवा. कारण मग सांगावं लागेल की इथल्याच काही विद्वानांना महाराजांच्या क्षत्रियत्वाबद्दल शंका होती, म्हणून ज्या माणसाने आदिलशाही आणि मोगल दोघांनाही जेरीस आणलं त्याची वयाच्या ४४व्या वर्षी आधी मुंज लागली, मग स्वतःच्याच राण्यांशी परत विधीवत लग्नं लागली आणि मग कुठे सिंहासन. बरं तेवढ्यावर संपलं का, तर नाही, २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्यांच्या हातून दुसरा राज्याभिषेक, तांत्रिक पद्धतीचा. चार महिन्यांच्या आत एकाच राजाचे दोन राज्याभिषेक! हे समजावत बसलात तर १५ मिनिटं तिथेच संपतील, बक्षीस समारंभ बोंबलेल.

मग एकदम २२५ वर्षं उडी मारा पण कोल्हापूरवरून मारू नका. १८९९ साली तिथे पंचगंगेवर काय झालं ते पान दुमडा. शाहू महाराज कार्तिकस्नानाला गेलेले, पुरोहित स्वतः आंघोळ न करता आलेला आणि मंत्र म्हणतोय पुराणोक्त, म्हणजे वेदातले नाही तर पुराणातले, हे बरोबरच्या राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात आलं, आणि विचारल्यावर उत्तर काय, तर शूद्राला पुराणोक्तच. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला हो! महाराजांनीही मग राजोपाध्यांची वतनं काढून घेतली, प्रकरण वरपर्यंत गेलं. या भांडणात लोकमान्य कुठल्या बाजूला होते ते तर चुकूनही काढू नका, कारण दोनच मिनिटांनी तुम्हाला लोकमान्य लागणार आहेत, आणि ते धुतलेले, इस्त्री केलेले लागणार आहेत.

लोकमान्यांचाच विषय निघाला म्हणून सांगतो, चहाची गोष्ट माहितीये ना? नसली तर फक्त स्वतःसाठी ऐकून ठेवा, माईकवर नको. ऑक्टोबर १८९०. पुण्यात पंचहौद मिशनमधे व्याख्यानाला गावातली बडी मंडळी जमलेली, रानडे काय, टिळक काय. कार्यक्रमानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरून इकडेतिकडे बघत बसले. आता आपल्याकडे सत्यनारायणालासुद्धा चहा चालतो पण तेव्हा ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडालाच. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव, त्यांना असल्या खोड्या काढायची भारी हौस, त्यांनी हजर असलेल्यांची नावं सरळ पेपरात छापून आणली. झालं! ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचं भांडण, उभं राहिलं, बहिष्काराच्या धमक्या, फिर्याद थेट शंकराचार्यांकडे, चौकशीला शास्त्री नेमले गेले. एका कपाची सुनावणी सव्वा-दीड वर्षं चालली राव, आणि तीसुद्धा अशा शहरात जिथून पुढे देश हलवायचा होता. टिळकांनी सांगितलं की मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोय. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं तर त्यांचेच सुधारक चेले त्यांच्यावर चिडले. मला यातलं सगळ्यात आवडतं ते काय माहितीये, दोन्ही पार्ट्यांचे पुढारी, कर्मठांचे आणि सुधारकांचे, एकाच कपापायी अडकले. पण तुम्ही म्हणायचं, धर्माने समाज एकत्र बांधून ठेवला. खोटं कुठे आहे, एकत्रच तर बसले होते चौकशीला.

गणेशोत्सवाचं मात्र सांगावंच लागेल, गणपतीसमोर उभे राहून सांगताय. इथे वर्ष जपून उच्चारा. १८९३ म्हणालात तर भाऊसाहेब रंगारींनी सार्वजनिक गणपती १८९२लाच बसवला होता असं काढणारा एकजण मंडपात असतोच, आणि १८९२ म्हणालात तर लोकमान्यांचा अपमान. आमच्याकडे बॅनरवर कुठलं साल टाकायचं यावरून दोन मिटिंगा झाल्या, शेवटी साल काढून तिथे ज्वेलर्सची जाहिरात टाकली, सगळे खूष, पाच हजार रुपये पण आले. त्याच पानावर खाली आणखी एक गोष्ट आहे ती अंगठ्याने झाका. तोवर पुण्यात मोहरमच्या ताबुतांत हिंदूही हौसेने नाचायचे, वाजवायचे, काहींचे तर स्वतःचे ताबूत असायचे. ऑगस्ट १८९३मधे मुंबईत दंगल झाली आणि १८९४पासून तिकडे जायचं नाही असं ठरलं, मग तो उत्साह आणि ती ढोलबिल मंडळी कुठेतरी वळवायला हवी होतीच. आणि हेच टिळक १९१६ला लखनौला मुस्लिम लीगशी करार करून आले! आता एकाच माणसाच्या या दोन गोष्टी एका भाषणात कशा बसवणार तुम्ही? नाही बसत. दुसरी काढून टाका, कोणालाच आठवत नाही.

संतांचा विषय सेफ वाटतो, आणि नेमके तिथेच वक्ते घसरतात. "वारीत सगळे समान" म्हणा, टाळ्या घ्या, सटका. पंढरपुरात संत चोखोबांच्या समाधीपाशी रेंगाळू नका. ती देवळाच्या बाहेर, महाद्वारासमोर आहे, कारण अस्पृश्य मानल्यामुळे त्यांना बाहेरच उभं राहायची परवानगी होती. १३३८ला ते मंगळवेढ्याला भिंत कोसळून तिच्याखाली गेले आणि त्यांच्या लोकांना विठोबाच्या पायावर डोकं ठेवायला मिळावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात १० दिवस उपास करावा लागला. मधे गेली सहाशे नऊ वर्षं, तो आकडा भाषणात चांगला वाटत नाही. नाशकात काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३०ला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला तो काही वर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही, हेही नको. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे, म्हणजे देवळातल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, हक्क काढायचा कायदा १९७३चा आणि सुप्रीम कोर्टाने त्यावर शेवटचा शिक्का मारला २०१४ला, हे तर कोर्टाचं झालं, त्यात भक्तिरस नाही. तुम्ही आपला एखादा अभंग घ्या. शक्यतो ज्याच्यात कोणाला शिव्या घातलेल्या नाहीत असा शोधा, तुकोबांचा शोधायला थोडा वेळ लागेल.

शेवटी राज्यघटना. "आपल्या लोकांना घटनेत देवच नको होता" हे वाक्य हिट आहे, दरवर्षी चालतं. फक्त १७ ऑक्टोबर १९४९ची घटना समितीची चर्चा वाचू नका. मी वाचली आणि माझं भाषण कायमचं बिघडलं. हरी विष्णू कामतांनी सुचवलं की प्रास्ताविकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करू. लगेच आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले, म्हणे देव का, देवी का नको, आम्ही कामाख्येच्या मुलुखातले. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं की देवाला मतदानाला लावू नका हो. दुसरे एक सदस्य हृदयनाथ कुंझरू, त्यांचं म्हणणं, ज्याच्या त्याच्या श्रद्धेची गोष्ट आहे, सगळ्यांवर लादायची कशाला. कामत ऐकेनात, मतदान झालंच. देवाच्या बाजूने ४१, विरोधात ६८. बहुतेक सगळे घरी देवपूजा करणारे लोक असावेत ते, संध्याकाळी देवासमोर दिवा लावताना काय वाटलं असेल त्यांना? कामत म्हणाले काळा दिवस आहे, देवच भारताला वाचवो. म्हणजे हरल्यावर लगेच त्याच्याकडेच अर्ज. आणि मंत्र्यांच्या शपथेत ईश्वरसाक्ष म्हणा नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, दोन्ही ऑप्शन त्याच घटनेत ठेवलेत, आवडेल तो घ्या. आता यात तुमचं हिट वाक्य कुठे घालणार? म्हणून म्हणतो, वाचू नका.

एवढं सगळं गाळल्यावर भाषण साधारण साडेतीन मिनिटांचं उरतं. काळजी नको, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणा, मधे दोन घोषणा घ्या, सात-आठ मिनिटं होतात. मग प्रश्नोत्तरं असतात, तिथे खरा धोका, विशेषतः इतिहासाच्या एखाद्या रिटायर्ड बाई बसल्या असतील तर. त्यांच्या पर्समधे कागद असतात. त्यामुळे टाळ आधीच वाटून ठेवा, ढोलकीवाल्याला डोळ्याने खुणावून ठेवा, आणि त्यांचा हात अर्धा वर गेला रे गेला की सुखकर्ता सुरू करा.