नगरसेवक नव्हते तेव्हाच बरं होतं म्हणे!

गल्लीचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप आणि शाळेच्या बॅचचा ग्रुप. गेले काही आठवडे तिन्हीकडे एकच मेसेज फिरतोय. पाठवणारे वेगळे, मजकूर तोच. थोडक्यात असा: मार्च 2022 मध्ये सोलापूर महापालिकेची मुदत संपली, जवळपास चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता, काय अडलं? उलट चिमणी पडली, विमान उडालं. सभेत नुसता गोंधळ असतो. 102 जणांना पोसायचा खर्च वाचत होता. पाण्याचं वाटोळं तर राजकारणानंच केलं. सरकारनंच विचार करून निवडणूक टाळली होती. शेवटी हात जोडल्याचे तीन इमोजी आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही, म्हणून पुढे न पाठवता इथं लिहितोय.

आधी चिमणी, कारण त्या मेसेजमध्ये वजन असलेला मुद्दा तेवढाच आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजनिर्मितीची (को-जनरेशनची), विमानांच्या वाटेत येणारी चिमणी 15 जून 2023 ला पाडली गेली आणि त्या वेळी महापालिकेत नगरसेवकांच्या जागी प्रशासक, म्हणजे आयुक्तच, होते, हे खरंच आहे. पण विनापरवाना बांधकामाला नोटीस देणं, सुनावणी घेणं आणि ते पाडणं हे अधिकार मुळात आयुक्तांचेच. त्याला सभेत हात वर व्हावे लागत नाहीत. नगरसेवक असतानाही आयुक्त ते करू शकतात आणि करतातही. शिवाय तो विषय वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांतून आणि विमान वाहतूक खात्यातून फिरत आलेला होता. विमानतळ तर महापालिकेचा नाहीच, त्यामुळे जून 2025 मध्ये गोव्याचं विमान उडालं त्याचं श्रेय आयुक्तांना देणं म्हणजे पाऊस पडला म्हणून तलाठ्याला हार घालणं. आता कुणी म्हणेल, नगरसेवकांनी दबाव आणला असता. आणला असता की! दबाव आमदारही आणतात, मंत्रीही आणतात. आणि अधिकाऱ्याची बदली नगरसेवकाच्या हातात नसते, वरच्यांच्या हातात असते, एवढं लक्षात असू द्या.

‘काय अडलं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याचं बहुतेक काही अडलेलं नसतं. आमच्या मागच्या आळीत विड्या वळणाऱ्या एक मावशी भाड्याच्या खोलीत राहतात. खोली बदलली, आधारवरचा पत्ता बदलायचा होता. वीजबिल मालकाच्या नावावर, भाडेकरार कुणी केलेला नाही. अशा माणसासाठी आधारच्या नियमात एक सोय आहे: ठरलेल्या नमुन्यात फोटो चिकटवायचा, त्यावर खासदार, आमदार, नगरसेवक, तहसीलदार किंवा राजपत्रित अधिकारी यांची सही-शिक्का घ्यायचा. या यादीत विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या हाताशी कोण आहे? सकाळी साडेसातला ओट्यावर चहा घेत बसलेला नगरसेवक. तो नसल्यावर मावशींचा मुलगा दोन दिवस कामाचा खाडा करून राजपत्रित अधिकारी म्हणजे नेमकं कोण, हे शोधत फिरला. शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं एक सरकारी डॉक्टर सापडले. हा खाडा ‘काय अडलं’च्या हिशेबात कुठे धरलाय?

आता सभेतला गोंधळ. हा माझा आवडीचा विषय आहे, कारण मी गॅलरीत बसून सभा पाहिल्या आहेत. हो, महापालिकेची सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. सभागृहानं बहुमतानं वेगळं ठरवलं नाही तर कुणीही जाऊन बसू शकतं. आत गेलं की पहिला तास वाया गेल्यासारखाच वाटतो. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होईस्तोवर वाट पाहणं, श्रद्धांजलीचा ठराव, मग कुणीतरी उठून विषयपत्रिका वेळेत मिळाली नाही म्हणून तावातावानं बोलतो. मग नगरसचिव विषय वाचायला लागतात आणि ‘मंजूर, मंजूर’ असा रेटा सुरू होतो. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा एवढंच पाहिलंय, तेही मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये.

पण त्या रेट्यात मध्येच एखादी बाई उठते. हातात विषयपत्रिका, कोपरा दुमडलेला. ‘या कामाला आधीच मुदतवाढ दिली होती, परत कशाला? दर कुठल्या सूचीतला लावलाय?’ अधिकारी शेजारच्याकडे पाहतो, शेजारचा फाइल उलटतो. दोन मिनिटं शांतता. मग महापौर म्हणतात, ‘विषय पुढच्या सभेत घ्या, सविस्तर माहितीसह.’ झालं एवढंच. पेपरात चार ओळीही येत नाहीत. पण तो कागद आता चार लोकांनी वाचलेला असतो, प्रश्न इतिवृत्तात जातो, आणि पुढच्या वेळी तीच फाइल येते तेव्हा खालच्या अभियंत्यानं आकडे पुन्हा तपासलेले असतात.

प्रशासकाच्या काळात हे कसं चालतं? खातं प्रस्ताव तयार करतं, तो आयुक्तांमार्फत प्रशासकांकडे जातो, आणि आयुक्त तेच प्रशासक. सर्वसाधारण सभेचे अधिकार त्यांच्याकडे, 16 जणांच्या स्थायी समितीचेही त्यांच्याकडेच. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच. अर्ज आपणच लिहायचा, त्यावर ‘मंजूर’ असा शेराही आपणच मारायचा. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी या रचनेत त्याला मध्येच उठून ‘दर कुठला लावलाय?’ असं विचारणारं कुणी नसतं. गोंधळ नसतो हे बरोबर. प्रश्नही नसतात.

एक आठवण इथेच सांगून टाकतो. आपल्या सोलापूर नगरपालिकेनं 6 एप्रिल 1930 ला स्वतःच्या इमारतीवर तिरंगा चढवला होता. पुढच्याच महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला. हे धाडस निवडून आलेल्या मंडळींचं. तिथं सरकारनं नेमलेला प्रशासक बसलेला असता तर झेंडा चढवण्याऐवजी त्यानं कलेक्टरांना परवानगीचं पत्र लिहिलं असतं.

नगरसेवक सगळे धुतल्या तांदळासारखे असतात, असं मी म्हणत नाही. चेसिसला तडे गेलेल्या सिटी बस नगरसेवक असतानाच आल्या. विषय न वाचता हात वर करणारे आणि ठेकेदाराच्या गाडीतून उतरणारेही असतात. एका प्रभागात चार-चार जण असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हीसुद्धा रास्त तक्रार आहे. पण त्यावर उपाय म्हणून सभाच नको म्हणणं मला कळत नाही.

खर्चाचं दोन ओळींत उरकतो. 2017 च्या शासन निर्णयात ड वर्ग महापालिकेच्या नगरसेवकाचं मानधन महिना 10 हजार ठरलं. 102 जणांचे वर्षाला 1 कोटी 22 लाख 40 हजार होतात. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 9 लाख 51 हजार होती. म्हणजे माणशी वर्षाला 13 रुपयांच्या आसपास. एका चहाचे पैसे, बिस्किट वेगळं.

पाण्याचा मुद्दा मात्र सोलापूरकराच्या काळजाला लागतो, त्यामुळे तोच सगळ्यात जास्त फॉरवर्ड होतो. उजनी धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचं. तिथून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीनं पाणी येतं. दुसरा मार्ग भीमा नदीचा: धरणातून पात्रात पाणी सोडायचं, ते टाकळीजवळच्या औज बंधाऱ्यात अडवायचं आणि तिथून उचलायचं. शहर पितं त्याच्या कित्येक पट पाणी त्यासाठी नदीत सोडावं लागतं. तिसरा हिप्परग्याचा तलाव, तो तर 1871 चा. 1992 च्या हद्दवाढीनं शहर 178 चौरस किलोमीटरवर पसरलं. गाव वाढलं, त्या मानानं नळ वाढले नाहीत. उजनीहून येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचं काम स्मार्ट सिटी कंपनीकडे गेलं. जानेवारी 2016 च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर आलं तेव्हा आपण फटाके उडवले होते, आठवतं? त्या कंपनीचे निर्णय संचालक मंडळात होतात, सर्वसाधारण सभेत नाही. म्हणजे पाण्याचा सगळ्यात मोठा प्रकल्प नगरसेवक असतानाही त्यांच्या सभेबाहेरच होता.

आणि साधी गोष्ट बघा. वाटोळं नगरसेवकांनी केलं असतं, तर ते नसताना नळाला रोज पाणी यायला हवं होतं. आलं? आम्ही त्या चारही वर्षांत बॅरल भरून ठेवत होतो आणि पाणी सोडणाऱ्याच्या फोनची वाट पाहत होतो.

शेवटचं वाक्य मेसेजमध्ये असं आहे की ‘सरकारनंच विचार करून निवडणूक टाळली होती’. टाळली नव्हती, अडकली होती. ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात होता. मे 2025 मध्ये कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि 15 जानेवारी 2026 ला, ऐन सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, मतदान झालं. राज्यघटनेत तर महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत निवडणूक, असं लिहिलेलं आहे.

नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज आमच्या मेव्हण्यांनी टाकला होता. मी त्यांना फोन करून विचारलं, भावजी, तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांची नावं सांगा. दोन सांगितली, त्यातलं एक मागच्या वेळचं निघालं. पुढच्या सर्वसाधारण सभेला गॅलरीत येता का, असं विचारलं तर म्हणाले, ‘येतो की, पण दुपारचं जेवण तुमच्याकडं.’ ठरलंय. भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात घेऊन जाणार आहे, कारण कोरम कधी होईल याचा भरवसा नाही.