काळं तेल, हिरवं लाकूड

इंदुरात बागेला कुंपण घालायचं म्हटलं की लाकडाआधी सल्ले येऊन पडतात. पहिला मान जळक्या मोबिल ऑइलचा. "भिया, गाडीचं काळं तेल फासून टाका, दीमक फिरकणार नाही." पाहुणेही फिरकत नाहीत, कारण टेकेल त्याचा सदरा काळा होतो. तेल मात्र लाकडात न मुरता पावसाबरोबर गुलाबाच्या मुळाशी उतरतं.

सियागंजच्या बाजारात लाकडाला लावायचा डबा मागितला तर प्रश्न येतो, "चमक पाहिजे की मॅट?" विचारायला हवं ते वेगळंच: लाकूड मातीत उभं राहणार की छपराखाली? माझ्या मते सगळी निवड इथेच संपते. वार्निशची चमक म्हणजे नुसता अंगरखा. त्याला चीर गेली की आत शिरलेलं पाणी कोंडतं आणि बुरशीची बडदास्त राहते.

शेडच्या आतल्या फळ्यांना टाकणखार आणि बोरिक पावडर पुरते. 10 लिटर गरम पाण्यात 300 ग्रॅम टाकणखार, 200 ग्रॅम बोरिक. ब्रशनं दोन हात. पण जे पाण्याबरोबर आत शिरतं ते पाण्याबरोबरच बाहेर येतं. कुंपणाला लावाल तर मृगाच्या सरी ते धुऊन नेतील.

मातीतल्या खांबाला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचे क्षार लागतात. हे मिश्रण सोंटी कामेशम यांनी 1933 साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत शोधलं. ते ब्रशनं लावायचं नसतं, बंद टाकीत दाबाखाली मुरवतात, त्यानं लाकूड हिरवट होतं. म्हणून हिरवट खांब दाखवला की एक तुकडा कापून बघावा. हिरवा रंग सालीपुरताच असेल तर पैसे खिशात ठेवावेत. असं लाकूड भाजीच्या वाफ्याला नको. उरलेले तुकडे आंघोळीच्या बंबात तर मुळीच नकोत, धुरातून आर्सेनिक येतं.

"सागवान आहे, काही लागत नाही," असं सुतार म्हणेल. ते गाभ्यापुरतं खरं. कडेचं पांढरट लाकूड वाळवीला पोह्यांइतकंच प्रिय.

खांब कुजतो जमिनीलगत, वीतभर वर-खाली. खोलवर हवा नसते, वर ओल टिकत नाही. इथे दोन्ही मिळतात. त्यात माळव्याची काळी माती: उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, खांबाला धरून हलवते. खड्ड्यात आधी 10 सेंटिमीटर गिट्टी घाला. काँक्रीट खांबाभोवतीच, बुडाखाली नको, नाहीतर त्याचा पेला होऊन पाणी साचतं. वरचं तोंड जमिनीच्या वर आणि बाहेर उतरतं ठेवा.

हे सगळं मे महिन्यात, लाकूड खडखडीत असताना. नंतर पाडलेल्या प्रत्येक भोकात पुन्हा औषध सोडायचं. आणि उरलेल्या बोरिकच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, "कुंपणाचं". कॅरमवाल्यांची नजर असतेच.