पाना धरणाऱ्या हातांना कोण शिकवणार?

ई-बस वाढल्या पण दुरुस्ती करणारे हात कमी पडतात, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी 22 वर्षं आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवतोय. 1 जून 2022 ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली ई-बस शिवाई धावली, तेव्हा मनापासून आनंद झाला होता. एसटीची पहिली गाडीही 1948 साली त्याच तारखेला, त्याच मार्गावर सुटली होती.

पण लेखात एक मुद्दा सुटलाय. भाडेतत्त्वावरच्या ई-बसची देखभाल बहुतेक वेळा कंपनीचीच माणसं करतात. मग आगारातल्या जुन्या मेकॅनिकचा हात त्या गाडीला लागणार कधी? स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो बिघाड सांगतो. ही विद्या ई-बसच्या विजेच्या मोटरपुढे चालत नाही, तिथे मल्टिमीटर आणि लॅपटॉप लागतो.

आणि हा खेळ जिवाचा आहे. मागे एका गॅरेजमध्ये ई-गाडी उघडलेली होती. माझा एक माजी विद्यार्थी, मनगटात स्टीलचं कडं, नारिंगी केबलकडे सरळ हात नेत होता. मी ओरडलो म्हणून थांबला. नारिंगी म्हणजे विजेचा उच्च दाब, सर्व्हिस प्लग (बॅटरीचा जोड तोडणारा प्लग) काढल्यावरही काही मिनिटं थांबायचं, इन्सुलेटेड हातमोजे घालायचे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, कारण तेव्हा आमच्याकडे शिकवायला तशी गाडीच नव्हती.

भाड्याच्या करारातच आगारातल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण बंधनकारक करा. आणि आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या निदेशकांना आधी प्रशिक्षणाला पाठवा, अगदी पन्नाशीतल्यांनाही. आम्ही शिकायला तयार आहोत.